दोष पाण्याचा, बोल मात्र सुनेला

या पानावर आपण नेहमी बी-बियाणे, खते, गाईगुरे आणि पीकपाणी यांविषयी वाचतो. आज मी ज्या वस्तूविषयी लिहिणार आहे, तिचे नाव चारचौघांत घ्यायला आपण संकोचतो. ती वस्तू म्हणजे घरातील संडासाचे भांडे आणि त्यावर बसणारा पांढरा-पिवळा, दगडासारखा घट्ट थर. कृषी विस्ताराचे काम करणाऱ्या माणसाने हा विषय कशाला काढावा, असे कोणी म्हणेल. पण ज्या बोअरच्या पाण्यावर आपले पीक येते, तेच पाणी या भांड्यात पडते. आणि ज्या चुन्याने आपल्या ठिबकच्या तोट्या बुजतात, तोच चुना तेथेही बसतो. तेव्हा विषय माझ्या खात्याबाहेरचा नाही.

आपल्या राज्यात २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. पुढे २ ऑक्टोबर २०१४ पासून स्वच्छ भारत मिशन आले आणि पात्र कुटुंबांना बारा हजार रुपये प्रोत्साहन मिळून घरोघर संडास उभे राहिले. ही मोठी गोष्ट झाली. परंतु संडास बांधणे निराळे आणि तो वर्षानुवर्षे वापरण्याजोगा ठेवणे निराळे. जेथे ओढ्याचे किंवा धरणाचे मऊ पाणी आहे तेथे फारशी अडचण येत नाही. जेथे तीनशे-चारशे फूट बोअरचे जड पाणी आहे, तेथे भांडे बसविले तेव्हा दुधासारखे पांढरे असते आणि दोन वर्षांत त्याच्याकडे बघवत नाही. घरात पाहुणे आले की बायाबापड्यांचा जीव अर्धा होतो. म्हातारी माणसे 'किळस येते' म्हणून पुन्हा डबा घेऊन ओढ्याकडे वळतात.

हा थर म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. मी राहुरीच्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी.ला होतो, तेव्हा मातीत मुक्त चुना आहे किंवा नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आम्हाला शिकविली होती. मातीच्या ढेकळावर पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाकायचे. माती फसफसली की समजायचे, जमीन चुनखडीची आहे. जितका फेस जोरात, तितका चुना जास्त. पुढे नोकरीत हजारो शेतांवर फिरताना ही रीत मला फार उपयोगी पडली. पावसाचे पाणी हवेतून आणि जमिनीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड वायू आपल्यात घेते आणि किंचित आंबट होते. असे आंबट पाणी जमिनीतील चुनखडी विरघळवीत खोल जाते. तेच पाणी बोअरमधून वर आले, उघड्यावर पडले, सुकले किंवा तापले, की वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा दगड होऊन बसतो. चहाच्या पातेल्याच्या बुडाशी, पाणी तापविण्याच्या कॉइलवर, बादलीच्या काठाला आणि माठाच्या बाहेर जो पांढरा पापुद्रा दिसतो, तो हाच.

पाणी जड आहे की नाही, हे ओळखायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, केस चरचरीत होतात, धुतलेले पांढरे कपडे मळकट दिसतात, ही सारी त्याचीच लक्षणे. आकडाच हवा असेल तर तपासणी करून घ्यावी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण जडपणा दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा; दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येते. आता थोडा हिशेब करू. समजा, आपल्या पाण्याचा जडपणा ५०० आहे आणि संडासातील तोटी गळकी असल्याने दिवसाला दहा लिटर पाणी भांड्यात ठिबकते. म्हणजे रोज पाच ग्रॅम आणि वर्षाला सुमारे एक किलो आठशे ग्रॅम चुना त्या भांड्यावरून वाहतो. तो सगळाच चिकटत नाही, पण त्यातला दहावा हिस्सा जरी बसला तरी काय होईल, हे सांगायला नको. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

एकदा चुन्याचा खरखरीत थर बसला की त्यात मळ अडकतो. लघवीतील क्षार त्याच थरात मुरतात आणि तो पिवळा पडतो. पाण्यात लोह असेल तर तांबूस रेघा उमटतात. दुर्गंधी येते ती याच थरातून. आणि वरून कितीही साबणपूड टाकून घासले तरी तो जात नाही, कारण साबण काय किंवा धुण्याचा सोडा काय, त्याने मळ निघतो, दगड विरघळत नाही.

हे सारे मी इतके तपशिलाने का सांगतो आहे? तीन वर्षांपूर्वी बालाघाटच्या डोंगररांगेच्या पायथ्याच्या एका गावी मी ठिबक संचाच्या पाहणीसाठी गेलो होतो. ज्यांच्या शेतावर गेलो, त्यांच्या घरी चहाला थांबलो. घर नीटनेटके, अंगण सारवलेले, पण माणसे गप्प. चौकशी केली तेव्हा हळूहळू कळले. वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली सून आठ दिवसांपूर्वी ग्रामीण रुग्णालयात होती आणि तेथून तिचा भाऊ तिला परस्पर माहेरी घेऊन गेला होता.

झाले होते असे. सुनेचे माहेर कालव्याच्या पाण्याचे. तिच्या घरचे भांडे लख्ख. इकडे आल्यापासून संडास धुण्याचे काम तिच्याकडे आले आणि भांडे दिवसेंदिवस पिवळे होत चालले. सासूबाई येता-जाता बोलत, "माहेरी काही शिकवलंच न्हाई." शेजारणी हसत. ती बिचारी रोज घासे. विटेचा चुरा झाला, तारेची घासणी झाली, काही उपयोग नाही. शेवटी एक दिवस तिने ग्रामपंचायतीकडून पाण्यात टाकायला मिळालेली टीसीएल पावडर भांड्यात ओतली आणि लगेच त्यावर हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले ॲसिड ओतले. दार लावलेले, खिडकी म्हणजे वीतभर झरोका. क्षणात पिवळसर, तिखट धूर उठला. ती खोकत खोकत दारातच पडली. शेजारच्या मुलाने ओढून बाहेर काढले म्हणून वाचली.

टीसीएल पावडर म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिच्यात ॲसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू फुप्फुसात गेला तर माणूस गुदमरतो. बंद खोलीत जीवही जाऊ शकतो. पाणी शुद्ध करणारी पावडर आणि संडास साफ करणारे ॲसिड, दोन्ही 'स्वच्छतेच्याच' वस्तू. मग एकत्र केल्या तर दुप्पट स्वच्छता होईल, असे त्या मुलीला वाटले. तिला कोणी सांगितलेच नव्हते.

सासूबाई मला म्हणाल्या, "साहेब, तुमी शिकलेलं हायसा. पोरगी आळशी व्हती का पानी वंगाळ हाय, तुमीच सांगा."

मी म्हणालो, "मावशी, आधी शेतावरची तोटी आणा, मग सांगतो." त्यांच्या मुलाने ठिबकचा एक बुजलेला ड्रीपर आणून दिला. त्याच्या तोंडाशी पांढरा खडा बसला होता. संडासाच्या भांड्याच्या काठावरून मी चाकूच्या टोकाने थोडा थर खरवडून घेतला. घरात लिंबूसत होते. ते पाण्यात विरघळवून दोन्हींवर टाकले. दोन्ही फसफसले. म्हातारीने वाकून पाहिले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग मी त्यांच्या मुलाला विचारले, "ठिबकला ॲसिड कोण सोडतं?"

"मीच, साहेब."

"कसं सोडता?"

त्याने बिनचूक सांगितले. आधी पाणी, मग त्यात हळूहळू ॲसिड. ॲसिडवर पाणी कधीही ओतायचे नाही. पाण्याचा सामू चारपर्यंत आणायचा, संच चोवीस तास बंद ठेवायचा, मग उपनळ्यांची तोंडे उघडून धुऊन काढायचे. क्लोरीनची प्रक्रिया निराळ्या दिवशी, ॲसिडबरोबर कधीच नाही.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच की, प्रशिक्षणात."

मी एवढेच म्हणालो, "मग शेतातलं हे ज्ञान उंबऱ्याच्या आत का आलं नाही?" त्याने मान खाली घातली. शेतातील चुन्यासाठी आपण प्रशिक्षणाला जातो, हातमोजे घालतो, सामू मोजतो. घरातील त्याच चुन्यासाठी मात्र एका पोरीला रित्या हाताने ॲसिडची बाटली देतो आणि वर तिलाच बोल लावतो. हे मला पटले नाही आणि मी ते तेथे स्पष्ट बोललो.

त्या रात्रीपासून मुलाने भांडे स्वतः साफ करायला घेतले. जी रीत मी त्याला सांगितली, तीच आता आपल्यापुढे ठेवतो.

किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, १०० ग्रॅम घ्यावे. ते एक लिटर कोमट पाण्यात विरघळवावे. पाणी उकळते नको. उकळत्या पाण्याने चिनी मातीचे भांडे तडकण्याची भीती असते. रात्री सगळ्यांचे उरकल्यावर भांड्यातील साचलेले पाणी ब्रशने पुढे ढकलून जमेल तेवढे कमी करावे, नाहीतर द्रावण पातळ होऊन वाया जाते. उभ्या बाजूंवर द्रावण थांबत नाही, म्हणून जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या द्रावणात भिजवून डागांवर पोटीस लावल्यासारख्या चिकटवाव्यात. उरलेले द्रावण खालच्या खोलगट भागात ओतावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी चिंध्या उचलून बाजूला घ्याव्यात, त्या भांड्यात सोडू नयेत. मग प्लॅस्टिकच्या ब्रशने घासून पाणी ओतावे.

पहिल्या रात्री सगळा थर जाणार नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. हिशेबाने १०० ग्रॅम लिंबूसत सुमारे ७० ग्रॅम चुना विरघळवते, त्याहून जास्त नाही. थर जुना असेल तर तीन-चार रात्री हेच करावे. प्रत्येक वेळी थर मऊ होतो आणि थोडा थोडा सुटतो. जोर लावण्यापेक्षा वेळ देणे महत्त्वाचे.

लिंबूसत न मिळाल्यास पांढरे व्हिनेगर चालते. त्यात चार-पाच टक्के ॲसेटिक ॲसिड असते, म्हणून ते पाणी न घालता वापरावे. नुसत्या लिंबाच्या रसानेही काम होते, पण लिटरभर रसात साधारण ५० ग्रॅमच सायट्रिक ॲसिड असते. म्हणजे १०० ग्रॅमसाठी दोन लिटर रस पिळावा लागेल. त्यापेक्षा लिंबे बाजारात न्यावीत आणि लिंबूसत विकत आणावे. मोबाइलवर हल्ली व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र टाकण्याचा उपाय फिरतो. फेस छान येतो, बघणाऱ्याला बरे वाटते. पण सोडा ॲसिडला मारतो आणि खाली उरते ते जवळजवळ नुसते पाणी. चुन्याला खायला काहीच शिल्लक राहत नाही.

दुकानात संडासासाठी तयार मिळणाऱ्या जाडसर द्रावणांपैकी पुष्कळांत साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. ते वापरायला हरकत नाही. मात्र बाटलीवरील सूचना वाचून, हातमोजे घालून आणि दार उघडे ठेवून वापरावे. सुटे, कडक ॲसिड घरात आणूच नये. १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधने घातली. विकणाऱ्याने नोंद ठेवावी, घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीस विकू नये, असा तो आदेश आहे. जी वस्तू विकायला न्यायालयाला एवढे नियम करावे लागले, ती मोरीच्या फळीवर, लेकरांच्या हाताशी ठेवण्याची नाही.

आणखी काही पथ्ये सांगतो. टीसीएल पावडर आणि कोणतेही ॲसिड, मग ते लिंबूसत किंवा व्हिनेगर का असेना, एकत्र करू नये. आदल्या दिवशी पावडर टाकली असेल तर आधी भरपूर पाणी ओतून भांडे धुऊन काढावे. चुकून वायू सुटलाच तर आणखी काही ओतत बसू नये. ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि डॉक्टरांकडे जावे. डोळ्यात द्रावण उडाले तर किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत. तारेची घासणी, वाळू किंवा विटेचा चुरा भांड्यावर वापरू नये. वरची चकाकी ओरखडली गेली की प्रत्येक ओरखड्यात चुना अधिक घट्ट बसतो. संडासात शहाबादी किंवा कडप्पा फरशी असेल तर तिच्यावर ॲसिड सांडू देऊ नये. हे दोन्ही चुनखडीचेच दगड आहेत; डाग जाईल आणि त्याबरोबर फरशीही जाईल. सिमेंटच्या सांध्यांचेही तसेच. आणि शोषखड्ड्यात किंवा सेप्टिक टाकीत बाटल्याच्या बाटल्या ॲसिड जाऊ देऊ नये. तेथे मैला कुजविणारे जिवाणू काम करीत असतात. शेणखताच्या खड्ड्यात कोणी ॲसिड ओतते का?

थर काढल्यावर तो पुन्हा बसू नये म्हणून पहिले काम, गळकी तोटी बदलावी. दहा-वीस रुपयांच्या वायसरने वर्षाचे कष्ट वाचतात. दुसरे काम, आठवड्यातून एक रात्र दोन चमचे लिंबूसत तांब्याभर पाण्यात घालून भांड्यात फिरवून ठेवावे. कोवळे तण एका खुरपणीत निघते, जून झाले की कुदळ लागते. येथेही तसेच आहे. तिसरे काम, पावसाळ्यात पन्हाळीचे पाणी पिंपात साठवावे. पावसाच्या पाण्यात चुना जवळजवळ नसतो, तेव्हा भांडे धुवायला त्याच्यासारखे पाणी नाही. आणि ज्यांच्या घरी पाणी शुद्ध करण्याचे आरओ यंत्र आहे, त्यांनी लक्षात ठेवावे की त्याच्या बाजूच्या नळीतून जे टाकाऊ पाणी येते त्यात मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षार असतात. पाणी वाया जाऊ नये म्हणून ते संडासात वापरणे चांगलेच. पण तेथे थर लवकर बसतो, म्हणून लिंबूसताची पाळी चुकवू नये.

खेड्यातील संडासाचे भांडे खोल उताराचे असते. त्याखालच्या वाकड्या नळीला गवंडी ट्रॅप म्हणतात आणि तिच्यात पाण्याचा सुमारे २० मिलिमीटरचा पडदा राहतो. भांडे गुळगुळीत असेल तर दीड-दोन लिटर पाण्यात सगळे वाहून जाते. थराने खरखरीत झाले की दोन बादल्याही पुरत नाहीत. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, तेथे हा फरक लहान नाही. तेथे दोन बादल्या म्हणजे एका म्हशीचे पिणे.

बालाघाटच्या त्या घरी चौथ्या रात्रीनंतर भांड्याचा मूळचा पांढरा रंग दिसू लागला, असे मुलाने मला फोनवर सांगितले. पुढच्या आठवड्यात तो सासरी गेला आणि पत्नीला घेऊन आला. तेथे काय बोलणे झाले, ते मी विचारले नाही. मात्र पुढच्या फेरीला गेलो तेव्हा संडासाच्या दाराशी खुंटीला रबरी हातमोज्यांचे दोन जोड टांगलेले दिसले, एक मोठा आणि एक लहान. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "अगं, चुना हाय त्यो. घासून जाईल व्हय?"

गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली, तेव्हा हे काम बाईचे की पुरुषाचे असे पाहिले नाही. आपणही घरातील या कामाची पाळी लावून घ्यावी. येत्या रविवारी आपल्या संडासाच्या भांड्यावर चमचाभर लिंबूसताचे पाणी टाकून पाहा. फसफसले, तर दोष पाण्याचा आहे हे घरातील सगळ्यांना बोलावून दाखवा. आणि त्याच रात्री चिंध्या भिजवायला घ्या.